दोष द्या, पण नाव घेऊन

ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर, टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, १८७९ सालचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. शार हाशामाइम. २०२३ च्या डिसेंबरात तिथे ईमेल आला, इमारतीत बॉम्ब ठेवलाय म्हणून. पोलीस धावले, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. गाझातल्या युद्धाचा तो तिसरा महिना होता. या इमारतीत शनिवारी जमणारी माणसं कोण? पेणकर, रोहेकर, तळकर, दिवेकर. मराठीत बोलणारी, मराठीत भांडणारी, मराठीत रडणारी माणसं.

पारसिकच्या डोंगरापलीकडे मुंब्रा. ७ ऑक्टोबर २०२३ हा शनिवार होता. सोमवारी तिथली मुलं आपापल्या कामावर गेली आणि शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "काय रे, तुमच्या लोकांनी हे काय केलं?" मुंब्र्यातली कितीतरी घरं १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून इथे आलेली. त्यांचे लोक कल्याणला असतात, आझमगडला असतात, कोकणात असतात. गाझात नसतात.

इस्रायल-पॅलेस्टाइन वादात दोष कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तो असा. उत्तर कोणालाच नको असतं. समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं असतं, आणि पिंजऱ्यात उभं करायला इथे हाताशी असतो तो आपला शेजारी.

मला या प्रश्नाची चीड नाही. प्रश्न रास्त आहे, महत्त्वाचा आहे, आणि "दोन्हीकडून चुका झाल्या" म्हणून हात झटकणाऱ्यांतला मी नाही. हजारो मुलं मेली आहेत. दोष ठरलाच पाहिजे. पण तो कृत्याला लागतो, कृत्य करणाऱ्याला लागतो, हुकूम देणाऱ्याला लागतो. जातीला, धर्माला, आडनावाला लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

लंडनपासून सुरू करू. २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर देण्याचं जाहीर केलं. तेव्हा तिथे दहा माणसांत एखादा ज्यू होता. बाकीच्या नऊ जणांना विचारायला कोणी गेलं नाही. त्याआधी याच ब्रिटिशांनी मक्केच्या शरीफ हुसेनला, तुर्कांविरुद्ध उठाव करा, अरबांना स्वातंत्र्य देऊ, असा शब्द दिलेला होता. दुसऱ्याचं घर दोघांना कबूल करणारा पहिला दोषी. याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

त्या वेळी ब्रिटिश मंत्रिमंडळात एकच ज्यू मंत्री होता आणि सर्वांत कडाडून विरोध करणारा तोच होता. एडविन माँटेग्यू. शाळेत ज्याच्या नावाच्या सुधारणा आपण घोकल्या तोच हा, माँटेग्यू-चेम्सफर्डमधला माँटेग्यू, तेव्हाचा भारतमंत्री. बाल्फोरच्या घोषणेआधी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यानं मंत्रिमंडळाला लेखी बजावलं होतं. ज्यूंसाठी असा एखादा देश जाहीर केलात, तर जगात जिथे जिथे ज्यू राहतो तिथे तो परका ठरेल, लोक त्याला तुझ्या देशात जा म्हणतील, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं कोणी ऐकलं नाही. पण ठाण्यातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू माणसाला आज "तुमचं इस्रायल काय करतंय बघा" असं ऐकावं लागतं, तेव्हा माँटेग्यूला कशाची धास्ती होती ते कळतं. गंमत म्हणून बोललेलं असो की चिडून, ऐकणारा परका होतोच.

आणि "तुमचं इस्रायल" म्हणणाऱ्यांना त्या इस्रायलनं या माणसांना कसं वागवलं ते माहीत आहे का?

बेने इस्रायली कोकणातले. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि वाचलेल्या मोजक्या कुटुंबांपासून समाज वाढला, असं ते पिढ्यान् पिढ्या सांगतात. रायगड जिल्ह्यात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मुंबईचं सर्वांत जुनं सिनेगॉग बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. हा बनी इस्रायलपैकी आहे, कुराणात यांचा उल्लेख आहे, असं कळल्यावर टिपूच्या आईनं रदबदली करून त्याला सोडवलं, असं समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्यानं १७९६ मध्ये प्रार्थनास्थळ उभारलं. एका मुसलमान आईच्या शब्दावर मिळालेल्या आयुष्याची कृतज्ञता ज्या समाजाच्या स्मरणात आहे, त्याच्यापुढे धर्मयुद्धाच्या गप्पा मारताना जरा थांबायला हवं.

अजूनही घरात काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला, लग्न ठरलं की मलिद्याचं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडासाठी साखर किंवा गूळ, वर वेलची, भोवती फळं. एलियाहू हनबी या प्रेषिताचं नाव घेतात, हिब्रूत प्रार्थना होते, आणि मग ताट फिरतं ते मराठीत, "घ्या ना, अजून थोडं घ्या." जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यूच्या घरी हे ताट असं मिळणार नाही.

१९४८ नंतर यांच्यातले हजारो इस्रायलला गेले. देशात वीस हजारांच्या घरात होते ते आज चार-पाच हजारांवर आले, आणि त्यातले बरेचसे ठाणे-मुंबईतच आहेत. गेले त्यांचं काय झालं? १९५१-५२ मध्ये भारतातून गेलेल्या शंभरावर ज्यूंनी तिथे धरणं धरलं, आम्हाला रंगावरून हिणवतात, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. शेवटी विमानानं परत पाठवावं लागलं. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फतवा काढला, बेने इस्रायलींचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. म्हणजे हे पुरेसे ज्यू आहेत की नाही, याचीच शंका. १९६४ च्या उन्हाळ्यात या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. संसदेला दखल घ्यावी लागली, फतवा मागे घ्यावा लागला. इस्रायलनं ज्यांना एकेकाळी पूर्ण ज्यू मानायला नकार दिला, त्यांच्या ठाण्यातल्या भावकीनं आता इस्रायलच्या लष्कराचा हिशोब द्यायचा? चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

तरी त्यांची काळजी खोटी नाही. ठाण्यातल्या कितीतरी ज्यू घरांचे नातेवाईक अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना इथे आहेत. तिथे भोंगे वाजले की इथे फोन लागतो. बहिणीच्या पोरासाठी जीव टांगणीला लागला म्हणजे वसाहतवादाला पाठिंबा दिला, असं होत नाही. तसंच रफाहतलं उपाशी मूल मोबाइलवर बघून मुंब्र्यातली बाई रडली, म्हणजे ती हमासची झाली, असंही होत नाही.

आता नावं घेऊन दोष वाटू. लांबण लावणार नाही.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फाळणी सुचवली. २९ नोव्हेंबरला ३३ विरुद्ध १३ मतांनी ठराव झाला. विरोधातल्या तेरांत भारत होता. त्याआधी नेमलेल्या समितीत भारताच्या प्रतिनिधीनं इराण आणि युगोस्लाव्हियासोबत वेगळा मार्ग सुचवला होता, दोन्ही समाजांचं एक संघराज्य करा. नुकत्याच स्वतःच्या फाळणीत होरपळलेल्या देशाचं ते मत होतं आणि मला अजूनही ते शहाणपणाचं वाटतं. अरब राज्यांनी ठराव फेटाळला आणि मे १९४८ मध्ये फौजा घुसवल्या. तो दोष त्या राज्यकर्त्यांचा. देर यासिनमध्ये ९ एप्रिल १९४८ ला गावकऱ्यांची कत्तल झाली, तो दोष इरगुन आणि लेही या ज्यू टोळ्यांचा. सात लाखांवर पॅलेस्टिनी घर सोडून गेले किंवा हाकलले गेले, आणि लढाई संपल्यावर त्यांना परत येऊ दिलं नाही, तो दोष बेन-गुरियन यांच्या सरकारचा. पुढच्या काही दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले, पुष्कळांना घरदार गमवावं लागलं, तो दोष बगदाद, कैरो, त्रिपोली इथल्या सत्तेचा. गाझातल्या मुलानं त्यांना घालवलं नव्हतं.

१९६७ मध्ये इस्रायलनं वेस्ट बँक आणि गाझा घेतलं. जिंकलेल्या भूमीत आपली माणसं वसवू नका असं आंतरराष्ट्रीय कायदा सांगतो, आणि तरी डावी-उजवी सगळी इस्रायली सरकारं वसाहती वाढवत गेली. आज वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, पाच लाखांहून अधिक वसाहतवाले आहेत. वर्षानुवर्षं, सही-शिक्क्यानिशी, अर्थसंकल्पात तरतूद करून केलेलं हे काम आहे. यात गोंधळ नाही, गैरसमज नाही. माझ्या मते गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा सर्वांत मोठा दोष इथे आहे, कारण बदलण्याची ताकद ज्याच्या हातात जास्त, त्याच्या माथी दोष जास्त.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांत ऑस्लोचा शांतता करार झाला तेव्हा वाट दिसत होती. ती कोणी बुजवली? हेब्रॉनच्या मशिदीत २५ फेब्रुवारी १९९४ ला नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालणाऱ्या ज्यू माथेफिरूनं. जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये माणसं उडवणाऱ्या हमासनं. ४ नोव्हेंबर १९९५ ला पंतप्रधान राबिन यांचा खून करणाऱ्या ज्यू तरुणानं. तडजोड नको असलेले दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या कामी आले. पुढे २०१८ पासून गाझात हमासच्या कारभाराखाली कतारचा पैसा जाऊ देणारं सरकारही नेतान्याहूंचंच. आणि रामल्लात बसलेले पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, अजून खुर्चीवर आहेत. पॅलेस्टिनी माणसाला स्वतःचा प्रतिनिधी बदलताही येत नाही, हा दोष त्यांचा.

७ ऑक्टोबर २०२३. सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. सिनवार आणि डैफ यांच्या हमासनं ठरवून केलेला हा गुन्हा. "पण त्याआधी काय झालं ते बघा" म्हणून तो धुतला जात नाही. त्यानंतर गाझात झालं ते नेतान्याहूंच्या सरकारनं ठरवून केलं. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत ६७,००० वर माणसं मेली. अन्नपाण्याची कोंडी केली, ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर परिसरात दुष्काळ जाहीर झाला. शेतं करपून आलेला हा दुष्काळ नव्हता. धान्याचे ट्रक सीमेवर उभे होते. "पण ७ ऑक्टोबर विसरलात का" म्हणून हेही धुतलं जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२४ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं अटक वॉरंट काढली. तीन नावं होती: बेन्यामिन नेतान्याहू, योआव गॅलंट, मोहम्मद डैफ. ज्यू असं लिहिलं नव्हतं, मुसलमान असं लिहिलं नव्हतं. हमासचे सिनवार आणि हनिये यांच्याविरुद्धही अभियोक्त्यानं मागणी केली होती, ते तोवर मारले गेले होते. वॉरंटची अंमलबजावणी होईल न होईल, पण दोष लिहायची रीत ही.

ही रीत शिकायला त्या न्यायालयाच्या हेगला जायचीही गरज नाही. ठाणे जिल्ह्यानं ती पन्नास वर्षांपूर्वी पाहिली आहे.

७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, मग जळगाव, महाड. तेव्हाही बाजारात उत्तर तयारच होतं, "ते लोक तसलेच." न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं ते मान्य केलं नाही. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं गेली, कुठे थांबली, घोषणा कुठल्या झाल्या, आधीचे महिने तणाव कोणी वाढवला, कुठली संघटना काय करत होती, पोलीस कुठे होते, तपासात कोणाला झुकतं माप दिलं, सगळं साक्षीपुराव्यानं तपासलं. संघटनांची नावं लिहिली, पोलिसांच्या विशेष तपास पथकानं पक्षपात केला हेही लिहिलं. राज्यकर्त्यांनी तो अहवाल कपाटात ठेवला, १९८४ मध्ये भिवंडी, कल्याण, ठाणे पुन्हा जळलं. दोष नेमका ठरवूनही तो कोणी भरला नाही, तर असं होतं.

१९८८ च्या सुमारास भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू, मुसलमान, दुकानदार, यंत्रमागवाले, बायका आणि हवालदार एका सतरंजीवर बसवले. बोलणं असायचं ते गटाराचं, नळाचं, भाडेकरूच्या भांडणाचं. माणूस नावानं ओळखीचा झाला की अफवेला गिऱ्हाईक राहत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगलीचं गाव म्हणून देशात ज्याचं नाव खराब होतं, ते गाव.

पण हा धडा सगळीकडे पोचला नाही. कल्याणचे चार तरुण २०१४ च्या मे महिन्यात यात्रेच्या नावाखाली इराकला गेले आणि आयसिसला मिळाले. चार. त्यानंतर कल्याणमध्ये मुसलमान घराला भाड्यानं जागा मिळवताना किती दारं बंद झाली, ते इस्टेट एजंटांना विचारा. डोंबिवलीची तीन माणसं २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या कुरणात धर्म विचारून मारली गेली, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. डोंबिवली बंद झाली, ती मनापासून. तो शोक माझाही आहे. त्याच कुरणात पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला स्थानिक मुसलमान घोडेवालाही गोळीला बळी पडला. मारणारे कोण होते आणि मरणारे कोण होते, हे ज्याला एकदा नीट दिसलं, त्यानं दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या फळवाल्याच्या गाडीवर बहिष्काराचे मेसेज पुढे पाठवायला नको होते.

परत गाझाकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं करायची परवानगी मागणारी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली. सुनावणीत खंडपीठ म्हणालं, आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, कचरा, प्रदूषण, पूर, त्याकडे बघा. न्यायालयाचा मान राखून सांगतो, मला हे पटलेलं नाही. ठाण्याजवळच्या दिवा इथल्या कचऱ्याचा धूर ज्यानं वर्षानुवर्षं श्वासात घेतला, त्याला दूरच्या मुलाचा श्वास अडकल्याचं दुःख होऊ नये, असं कसं? एकाच माणसाला दोन्ही छळतं. पुढे ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर निदर्शनं झाली आणि मुंबईचं काही बिघडलं नाही. आपल्या सरकारनं मात्र २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाच्या ठरावावर तटस्थ राहायचं ठरवलं, आणि १२ जून २०२५ ला १४९ देश बाजूनं असताना पुन्हा तेच केलं. १९४७ मध्ये एकटं पडायची तयारी असलेला देश उपाशी मुलांच्या बाबतीत तटस्थ राहतो, याचा दोष दिल्लीत ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांचा.

पॅलेस्टिनी गवंड्यांचे परवाने इस्रायलनं ७ ऑक्टोबरनंतर बंद केले आणि जागा भरायला भारतातून माणसं मागवली. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांची भरती पुण्यात झाली. जो गवंडी तिकडे गेला त्याला मी बोल लावणार नाही, त्याला घरी पैसे पाठवायचे आहेत. युद्ध चालू असलेल्या प्रदेशात आपली माणसं पाठवणाऱ्या सरकारांनी त्यांच्या जिवाची हमी काय दिली, हे विचारा.

आता घरचं बघू. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर ही सगळी एकाच पोलीस आयुक्तालयाखाली येतात. गणपती, नवरात्र, ईदच्या आधी शांतता समित्यांच्या बैठका होतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतात. तिथे अजेंड्यावर एक विषय वाढवा: परदेशात युद्ध पेटलं तर आपल्या वस्तीत काय करायचं. ज्यू विश्वस्तांना बोलवा, मुंब्र्याच्या मशिदींच्या लोकांना बोलवा, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना बोलवा, त्यांचे फोन नंबर एकमेकांकडे राहू द्या. धमकीचा मेल आला, की तपास कुठवर आला ते त्या समितीत सांगा. बहिष्काराचा मेसेज फिरला, की तो सुरू करणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, त्याच्या नावानं, आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं तेही सांगा.